सोबतीचा होकार

माझ्या नवऱ्यानं एकोणीस वर्षांत मला एकदाही 'नाही' म्हटलं नव्हतं. हे सांगितलं की बायका म्हणतात, "अगं बाई, नशीब काढलंस!" म्हणोत बापड्या. त्यांनाही असाच नवरा मिळो, आणि त्याच्याबरोबर दोन इंजिनांचं विमान उडवायची पाळी येवो. मग सावकाश बोलू.

मी शलाका बोरीकर, नागपूरच्या रुग्णविमानाची कॅप्टन. होते. नवरा पराग माझा को-पायलट, तोही होता. गडचिरोलीकडच्या आडगावातून ॲम्ब्युलन्सला जिथे अर्धा दिवस लागतो, तिथून पेशंट उचलायचा आणि तासाभराच्या आत नागपूरच्या डॉक्टरांच्या ताब्यात द्यायचा, हे आमचं काम. मी उडवायची, तो रेडिओ बघायचा, चेकलिस्ट वाचायचा आणि मधूनमधून खिशातले फुटाणे खायचा. कॉकपिटमध्ये खाऊ नकोस म्हणून मी शंभरदा ओरडले असेन. "हो, कॅप्टन," म्हणायचा आणि पुढचा फुटाणा तोंडात टाकायचा.

आता थोडं विमानाचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

दोन इंजिनं म्हणजे दुप्पट सुरक्षित, असं लोकांना वाटतं. अर्धंच खरं आहे ते. दोन्हींतलं एक बंद पडलं की जे चालू असतं ते एकटंच ओढत राहतं आणि विमानाचं नाक मेलेल्या इंजिनाच्या बाजूला फिरवतं. वेग कमी असेल तर विमान कुशीवर वळून उलटंच पडतं. म्हणून वैमानिकानं चालू इंजिनाच्या बाजूचं पेडल पायानं दाबायचं आणि नाक सरळ धरायचं. दुसरा पाय रिकामा राहतो. ज्या बाजूचा पाय रिकामा, त्या बाजूचं इंजिन मेलं. हे शिकाऊ पोरांना पहिल्याच आठवड्यात घोटून घेतात. त्यानंतरचं काम म्हणजे मेलेल्या इंजिनाचा दांडा ओढायचा. त्यानं प्रॉपेलरची पाती वाऱ्याला कड देऊन उभी राहतात. नाहीतर तो नुसता फिरणारा पंखा ब्रेक लावल्यासारखा विमानाला मागे खेचतो.

ऐकायला सोपं आहे. पण दांडे दोन असतात, शेजारी शेजारी, आणि घाबरलेला माणूस चांगल्या इंजिनाचा दांडा ओढून मोकळा होतो. मग एकही इंजिन उरत नाही. जगभरात भल्याभल्यांनी हे करून ठेवलंय. म्हणून आमच्यात एक रिवाज आहे. कॅप्टननं दांड्याला फक्त हात लावायचा आणि विचारायचं, "डावं?" को-पायलटनं समोरची इंजिनांची घड्याळं बघायची, खरंच कुठल्या इंजिनाची ताकद गेलीय ते बघायचं, आणि म्हणायचं "हो" किंवा "थांबा". 'हो' आल्याशिवाय दांडा ओढायचा नाही. मागे साक्षात ब्रह्मदेव पेशंट म्हणून झोपलेला असला तरी नाही.

सराव म्हणून हे आम्ही दोघांनी शेकडो वेळा केलं होतं. मी विचारायचे, "उजवं?" आणि पराग तळ्यातल्या पाण्यासारख्या शांत आवाजात म्हणायचा, "हो, कॅप्टन." कधी माझा हात दोन दांड्यांच्या मध्ये घुटमळला, तर म्हणायचा, "थांबा, कॅप्टन." मग मी नीट बघून योग्य दांडा धरायचे. परीक्षक खूश व्हायचे. एक म्हातारे परीक्षक तर म्हणाले होते, की नवरा-बायकोला एका कॉकपिटमध्ये बसवू नये असं मला वाटायचं, पण या दोघांनी माझं तोंड बंद केलं. मी तेव्हा कॉलर ताठ केली होती.

त्या कौतुकामुळेच ओजस चिटणीस आमच्या घरी आला.

तिशीतला पोरगा, अतिशय हुशार, अतिशय नम्र, चहात साखर नको म्हणणारा. त्याची कंपनी को-पायलटची जागा घेणारं यंत्र बनवत होती. नाव 'सोबती'. लहान विमानांत दोन-दोन वैमानिक परवडत नाहीत, म्हणून कित्येक जिल्ह्यांत रुग्णविमान उतरतच नाही, असं त्याचं म्हणणं. ते काही खोटं नव्हतं.

"नियम लिहून यंत्र शिकत नाही, मॅडम," तो म्हणाला. "नियम आम्ही हजार लिहू, हवेत एक हजार एकावी भानगड होते. सोबती बघून शिकेल. लहान मूल आईकडे बघून शिकतं तसं. आम्हाला फक्त चांगला को-पायलट बघायला मिळाला पाहिजे. सरांसारखा."

पराग लाजला. बाप रे, कसा लाजला होता!

पुढची तीन वर्षं तो एक चष्मा लावून उडत होता. चष्म्यात त्याची नजर नोंदवली जायची. हातमोज्यांत बोटांचा दाब, पेडलमध्ये पायांचा जोर, माइकवर आवाज. सरावात मी दांड्याला हात कसा लावते, तो कुठे बघतो, कधी 'हो' म्हणतो, कधी 'थांबा' म्हणतो, सगळं सोबतीच्या पोटात जात होतं. मी चेष्टा करायचे, "माझी सवत तयार होतेय." तो म्हणायचा, "सवत नाही गं, सावत्र नवरा."

मग कायदा बदलला. लहान रुग्णविमानात एक वैमानिक आणि एक सोबती पुरे. कायद्यात एक कलम मात्र होतं, ते लक्षात ठेवा: इंजिन बंद करायचा निर्णय माणसाचाच. यंत्रानं फक्त 'हो' किंवा 'थांबा' म्हणायचं. परागला कंपनीनं शाल-श्रीफळ दिलं आणि घरी पाठवलं.

तो काही रडतबिडत बसला नाही. गच्चीवर मिरच्या लावल्या, माझ्या आईला फोन करून वांग्याच्या भाजीची कृती विचारून घेतली. मी घरी आले की डबा हातातून घेताना विचारायचा, "कसा वागला आज माझा भाऊ?"

"बरा वागला. फुटाणे खात नाही."

"आवाज माझाच आहे ना अजून?"

"तुझाच. फक्त तो ऐकतो. तुला दहादा सांगावं लागतं."

तो हसायचा. मीही हसायचे. खरं सांगते, सोबतीबरोबर उडायला मला आवडायला लागलं होतं. घरातलं भांडण त्याच्या चेहऱ्यावर दिसायचं नाही, कारण त्याला चेहराच नव्हता. परागचा शांत आवाज तेवढा कानात यायचा, आणि तो आवाज मला पुरत होता. आणि सोबती पायालाही मदत करायचा. विमान जरा वाकडं जायला लागलं की माझ्या आधी पेडल दाबून मोकळा. मला वाटलं, छान झालं, गुडघे दुखायचे थांबतील.

तो एप्रिल होता. गडचिरोलीच्या धावपट्टीवर तलांडे गुरुजींना स्ट्रेचरवरून चढवलं. हृदयविकाराचा झटका, नळ्या लावलेल्या, तरी हात जोडून मला म्हणाले, "बाई, पोरांची परीक्षा सोमवारी आहे." बरोबर आमची नर्स वंदना मेश्राम. ती म्हणाली, "गुरुजी, सोमवारपर्यंत परत आणून सोडतो नं तुम्हाले, काहून घाबरता?"

सकाळपासून उजव्या इंजिनाच्या तेलाचा दाब किंचित खाली दिसत होता. धोक्याचा नव्हे, पण नजर सारखी तिकडे जात होती. म्हणजे माझ्या डोक्यात 'उजवं' आधीच घर करून बसलं होतं.

उड्डाण झालं. वैनगंगा समोर दिसत होती, अर्धी पाणी, अर्धी वाळू. तेवढ्यात मोठा धक्का बसला, विमान थरथरायला लागलं आणि भोंगा वाजला. एक इंजिन गेलं होतं.

इतकी वर्षं अशा वेळी मला पायानं सांगितलं होतं. एका पेडलवर जोर लागायचा, दुसरा पाय मोकळा व्हायचा, आणि डोक्याच्या आधी पायाला कळायचं. त्या दिवशी पायाला काहीच कळलं नाही. सोबतीनं डोळ्याचं पातं लवायच्या आत पेडल स्वतःच दाबून धरलं होतं. नाक सरळच होतं. माझे दोन्ही पाय सारखेच रिकामे होते.

मग मी कशावरून ठरवलं? थरथरीवरून. सकाळच्या तेलाच्या दाबावरून. मी कॅप्टन आहे आणि मला कळतं, यावरून. उजव्या दांड्यावर हात ठेवला, घट्ट.

"उजवं?"

"हो, कॅप्टन," परागचा आवाज म्हणाला.

मी दांडा ओढला. गेलं होतं डावं.

त्यानंतरची शांतता मी कुणाला सांगून समजायची नाही. इंजिनाच्या आवाजात आयुष्य काढलेल्या माणसाला विमानात वाऱ्याची शीळ ऐकू येणं म्हणजे काय असतं! बंद केलेलं इंजिन पुन्हा चालू व्हायला वेळ लागतो, तेवढी उंची नव्हती. "चुकलं, चुकलं, चुकलं," असं मी मोठ्यानं म्हणत होते, ते नंतर रेकॉर्डिंगमध्ये ऐकलं. नदीच्या वाळूत लोक उन्हाळ्यात कलिंगडं लावतात, तशी एक वाडी दिसली. तिथे विमान पोटावर टेकवलं. वेली, कलिंगडं, वाळू, सगळं काचेवर आलं. विमान फिरलं आणि थांबलं.

माझ्या तीन बरगड्या मोडल्या. वंदनाचा खांदा निखळला होता, तरी ती एका हातानं गुरुजींची छाती दाबत होती, वाळूत गुडघे टेकून, मोठमोठ्यानं आकडे मोजत. वाडीवाले धावत आले. एका म्हातारीनं पाणी आणलं. गुरुजी गेले होते, पण वंदना थांबायला तयार नव्हती, शेवटी त्या म्हातारीनंच तिचा हात धरला.

दवाखान्यात आम्ही शेजारशेजारच्या खाटांवर होतो. वंदना छताकडे बघत म्हणाली, "मॅडम, पराग सर असते तर असं झालं नसतं नं?"

"नसतं झालं," मी म्हणाले. "त्यानं मला थांबवलं असतं."

हे वाक्य मी पुढचे कितीतरी महिने धरून ठेवलं. बुडणाऱ्याला फळी मिळावी तसं. वर्तमानपत्रवाले आले, त्यांना सांगितलं. तलांडे गुरुजींच्या मुलीसमोर हात जोडून उभी राहिले, तिलाही हेच सांगितलं. माणसाची जागा यंत्राला दिली म्हणून तुमचे वडील गेले, माझा माणूस शेजारी असता तर ते आज शाळेत असते. ती पोरगी मागे वळली. आत जाऊन पाणी घेऊन आली.

घरी मी परागला भलतीच माया करायला लागले होते. तोपर्यंत एवढी कधी केली नव्हती. त्याच्या मिरच्यांचं कौतुक केलं. त्याला म्हणायचे, "बघ, तुझी किंमत आता कळेल सगळ्यांना." तो खाली मान घालून कोथिंबीर निवडत बसायचा. मला वाटायचं, विनय आहे. कसला विनय नि कसलं काय!

चौकशी समितीसमोर मी ताठ बसून साक्ष दिली. दांड्याला हात मी लावला, ते मी मान्य केलं. पण मी रिवाज पाळला, विचारलं, आणि मला 'हो' मिळालं. "माणूस असता तर त्यानं घड्याळ बघितलं असतं," मी म्हणाले. "माझ्या नवऱ्यानं मला थांबवलं असतं. ते यंत्र त्याची भ्रष्ट नक्कल आहे."

अध्यक्षबाईंनी ओजस चिटणीसकडे बघितलं. पोरगा खंगला होता. चेहऱ्यावर ते आधीचं तेज नव्हतं.

"नक्कल भ्रष्ट नाही, मॅडम," तो म्हणाला. "तीच तर अडचण आहे."

मग त्यानं समजावून सांगितलं, आणि मी तुम्हाला जमेल तसं सांगते. बघून शिकणारं यंत्र आळशी असतं. उत्तर शोधायला दोन वाटा असतील तर ते जवळची धरतं. 'हो' म्हणायचं की 'थांबा', हे ठरवायची एक वाट म्हणजे सगळी घड्याळं वाचणं, दोन इंजिनांची तुलना करणं. दुसरी वाट म्हणजे कॅप्टनच्या हाताकडे बघणं. तीन वर्षांच्या नोंदींत माझा हात जेव्हा जेव्हा घट्ट बसला होता तेव्हा उत्तर 'हो' होतं, आणि जेव्हा घुटमळला तेव्हा 'थांबा'. एकदाही फरक नाही. मग यंत्र कशाला घड्याळं बघतंय? पेडल दाबायला नुसतं नाक कुठे वळतंय एवढं कळलं की पुरत होतं.

"तुम्ही तपासलं नाही?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"तपासलं. वैमानिकांना मुद्दाम चुकीचा दांडा धरायला सांगितलं. सोबती दर वेळी 'थांबा' म्हणाला. आम्ही पेढे वाटले." त्यानं हातातले कागद खाली ठेवले. "मुद्दाम चूक करणाऱ्याचा हात जरा अडखळतो, मॅडम. खरी चूक करणाऱ्याचा अडखळत नाही. हे आमच्या लक्षात आलं नाही."

"पण हे यंत्र शिकलं कुणाकडून?" मी ओरडले. "माझा नवरा घड्याळं बघायचा!"

ओजसनं पडद्यावर एक जुनी नोंद लावली. आमचंच कॉकपिट. परागच्या चष्म्यातून दिसणारं. त्याची नजर जिथे पडेल तिथे एक लाल ठिपका हलत होता. माझा आवाज आला, "डावं?" ठिपका घड्याळांवर गेला नाही. तो माझ्या हातावर होता. हातावरून माझ्या चेहऱ्यावर गेला, परत हातावर आला. "हो, कॅप्टन." दुसरी नोंद. ठिपका हातावर. तिसरी. चौथी. माझी अंगठी ओळखू येत होती. पाचव्या नोंदीला अध्यक्षबाई म्हणाल्या, "पुरे."

मग त्यांनी परागला विचारलं, "त्या दिवशी सोबतीच्या जागी तुम्ही असता, तर काय म्हटलं असतं?"

मी त्याच्याकडे बघितलं. खोटं बोल रे, मनात म्हटलं. एवढं एक खोटं बोल आणि वाचव मला. कोण तपासणार आहे? मेला तो माणूस परत येणार नाही, पण मला निदान एवढं राहू दे की माझ्या शेजारी कुणीतरी बसलेलं होतं.

पराग उभा राहिला. "कॅप्टन म्हणतात ते बरोबर नाही," तो म्हणाला. "मीही 'हो'च म्हटलं असतं."

एकोणीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याविरुद्ध बोलला, ते हे.

गाडीत मी त्याला सोडला नाही. तोंडाला येईल ते बोलले. खुनी म्हणाले, भित्रा म्हणाले. इतकी वर्षं मी डोळे मिटून तुझ्या भरवशावर उडत होते आणि तू माझी अंगठी बघत होतास? तो गाडी चालवत राहिला. वर्धा रोडच्या सिग्नलला थांबल्यावर म्हणाला, "एकदा घड्याळ बघून थांबवलं होतं तुला."

"कधी?"

"लग्नाच्या आधी. ट्रेनिंगमध्ये. तू 'डावं' म्हणालीस, मी 'थांबा' म्हणालो. माझी चूक होती, डावंच होतं. उतरल्यावर कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर तू म्हणालीस, हा ढ एक दिवस मला मारणार. पोरं हसली. नंतर चार दिवस तू माझ्याशी बोलली नाहीस."

"चार दिवस? काहीतरीच! एखादा दिवस बोलले नसेन."

"हो," तो म्हणाला. "एखादा दिवस असेल."

बघा! असं करायचा तो. भांडणसुद्धा हातात राहू द्यायचा नाही.

"अगं, तू चुकतच नव्हतीस," सिग्नल सुटल्यावर तो म्हणाला. "हजार वेळा बघितलं, हजार वेळा तूच बरोबर. मग घड्याळ बघणं म्हणजे तुझ्यावर संशय घेतल्यासारखं वाटायला लागलं. तुझा चेहराही तसाच व्हायचा. मी नजर वळवली की तुझ्या कपाळावर आठी यायची. ती आठी मला लांबून दिसायची."

मी आरशात बघितलं. आठी होती.

अहवाल आला. मानवी चूक. माझा परवाना गेला. सोबती लावलेली सगळी विमानं जमिनीवर उतरवली, आणि पुन्हा अर्ध्या जिल्ह्यांत ॲम्ब्युलन्स रस्त्यानं धावायला लागल्या. त्या रस्त्यांत किती गेले ते कुणी मोजलं नाही. मग ओजसनं परागला परत बोलावलं. सोबती दुरुस्त करायचा तर 'थांबा' म्हणणारा माणूस हवा होता. घट्ट हाताला 'थांबा' म्हणणारा.

एकदा मी त्याला आणायला गेले. काचेपलीकडून दिसत होतं. कॉकपिटच्या नकली खुर्चीत मुद्दाम चुकीची माहिती दिलेला एक तरुण वैमानिक ठाम हातानं चुकीचा दांडा धरत होता आणि पराग घड्याळांवरून नजर फिरवून खणखणीत आवाजात म्हणत होता, "थांबा! चुकताय तुम्ही. हात काढा." पुन्हा. पुन्हा. किती छान म्हणत होता! ओजस माझ्या कानाशी पुटपुटला, "सर फार उत्तम करतायत." मी मनात म्हटलं, लोकांच्या पोरांना म्हणता येतं तुला. यंत्राला शिकवता येतं. घरी मीच कुणी राक्षसीण आहे?

घरी मी त्याची परीक्षा घ्यायला लागले. भाजीत मीठ घातलंच नाही आणि विचारलं, "बरी झालीय ना?" हो. पडदे भगवे लावू? हो. तुझ्या मिरच्या उपटून तिथे झोपाळा टाकू? हो, टाक. टाकला मी झोपाळा. मिरच्या लागलेल्या होत्या त्या रोपांना. त्यानं त्या तोडून, धुऊन, परडीत भरून ठेवल्या, आणि मला आणखीच राग आला.

शेवटी एका रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, मी बॅग भरली. नाशिकला ताईकडे. मोठी बॅग, वर्षभराची. तो बैठकीत पेपर वाचत होता. मला जायचं नव्हतं, हे इथे सांगूनच टाकते, उगाच सोंग कशाला. मला फक्त एक शब्द ऐकायचा होता. नकली खुर्चीतल्या पोराला म्हणाला होता तो. तो मिळाला असता तर बॅग तिथेच टाकून मी चहा ठेवला असता, आणि कदाचित त्याच्या मिरच्याही परत लावल्या असत्या.

बॅग दाराशी नेली. कडीवर हात ठेवला. हात थोडा जरी अडखळू दिला असता तर तो 'थांब' म्हणाला असता, हे मला ठाऊक होतं. ते मला नको होतं. तसलं 'थांब' मी खूप ऐकलं होतं. मी कडी घट्ट धरली.

"मी जाऊ?"

परागनं पेपर खाली ठेवला. मी त्याच्या डोळ्यांकडे बघत होते, लाल ठिपका कुठे जातो ते बघत होते म्हणा ना. तो माझ्या हाताकडे आला नाही. त्यानं आधी बॅगेकडे बघितलं. मग खिडकीतून गच्चीवरच्या झोपाळ्याकडे. मग भिंतीवरच्या आमच्या दोघांच्या फोटोकडे, गणवेशातल्या. मग माझ्या चेहऱ्याकडे, अगदी सावकाश, आठीसकट. सगळी घड्याळं वाचावीत तसं एकेक बघितलं त्यानं, काही सोडलं नाही. इतक्या वर्षांत त्यानं एवढं नीट तपासलेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

"हो, शलाका," तो म्हणाला.

'हो' आल्यावर थांबायचं नाही, असा आमच्यात रिवाज आहे. मी कडी ओढली.